लखनच्या सत्काराला

लातूरच्या बसस्टँडवर शेजारी बसलेल्या तिच्या क्लासच्या सरांनी सत्काराच्या शालीची घडी मोडून पुन्हा घातली, तरी एक कोपरा बाहेरच राहिला, हे ऋतुजाने पाहिलं.

"अहो, लखनभाऊंची शाल हाय ती. चुरगाळता कशाला?" त्यांची बायको राजकन्या म्हणाली.

"बिलोलीत बसून गणितं करतो, अन् परदेशातले लोक त्याच्या प्रमेयावर लिहून राहिले! एमएस्सीला त्याच्याच वर्गात पहिला मी आलतो, राजकन्या."

"हाव. दर दिवाळीला ऐकते."

"एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षं बसला. तेवढ्यात मी क्लासमधून किती डॉक्टर घडवले!"

"घडवले की. चारातले तीन पर्याय खोडायला शिकवून."

"पोरांना कुठं वेळ असतो? उत्तर आलं की झालं."

"अन् तुम्हाला?"

बिलोलीची गाडी लागली. सर उठले नाहीत.

"त्याचा पेपर चोरून वाचतो मी. दुसऱ्या पानावर अडकतो. लई जळतो बघ."

"ठावं हाय. म्हणून तर तुमची पीएचडी अर्धवट राहिली. गाईड म्हणून त्यांचंच नाव आलतं ना?"

"त्याच्या हाताखाली? जिवावर आलतं."

"मग आज भाषणात काय बोलणार?"

"भाषण न्हाई करत. सगळ्यांसमोर त्यालाच विचारतो, मला विद्यार्थी करून घेतोस का?"