पोस्टमास्तरांच्या खणातला अर्ज

सन्माननीय अध्यक्षमहाशय, आजचे सत्कारमूर्ती पोस्टमास्तर अभिमनराव, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी, धरणगावचे सुजाण नागरिक आणि पडद्याआड बसलेल्या माझ्या मायबहिणींनो,

महिला मंडळातर्फे दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, म्हणून उभी आहे. खरं सांगायचं तर सकाळपासून जिवाला स्वस्थता नाही. मास्तर उद्या पहिल्या गाडीने धुळ्याला बदलून जाणार, आणि माझ्या बचतखात्याचा अर्ज दोन वर्षं त्यांच्या खणात पडून आहे. त्यातला एक रकाना रिकामा आहे. तो आज भरला नाही, तर माझ्यासारखी भित्री बाई नव्या मास्तरांपुढे पुन्हा कधी उभी राहणार? अध्यक्षमहाशय घड्याळाकडे बघताहेत. लवकर आटोपते.

मास्तरांच्या सचोटीबद्दल आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितलं. मी त्यांच्या हट्टाबद्दल सांगणार आहे.

सदतीस साली जिनिंगच्या गिरणीत कापूस निवडणाऱ्या चार बायकांना घेऊन मी पोस्टात गेले. मजुरीचे आणे पदराच्या गाठीला बांधायचे, नाहीतर ज्वारीच्या कणगीत खुपसायचे, आणि घरातल्या कोणीतरी ते न विचारता उचलायचे, हे किती दिवस चालवून घ्यायचं? म्हटलं, आपल्या नावाचं खातं काढू. तिघींची नावनिशी बरोबर आलेल्या दिरांनी नि मुलांनी सांगितली. चौथी ताईबाई एकटीच आलेली. मास्तरांनी नवऱ्याचं नाव विचारलं, तशी ती खाली बघू लागली. आता यात नवल ते काय? नाव घ्यायचं ते उखाण्यात. पोस्टाच्या खिडकीत कोण उखाणा घेणार?

मला घाई. तिच्या घराला गल्लीत ‘चिंधाचं घर’ म्हणतात, एवढं ऐकून होते. सांगून टाकलं, चिंधा. मास्तरांनी लिहिलं. मंडळी, चिंधा तिचा जेठ, थोरला दीर! ताईबाईला तिथंच कळलं होतं. पण चूक सुधारायची तर नवऱ्याचं नाव घ्यावं लागणार, आणि जेठाचंही तोंडात घ्यायची सोय नाही. बिचारी अंगठा उठवून मुकाट्याने घरी गेली. असली चूक दुसऱ्या कुठल्या मुलखात होईल का?

यंदाच्या पौषात तिने बोदवडच्या एका माणसाची म्हैस ठरवली. पैसे काढायला गेली, तेव्हा मास्तरांनी कागद वाचून दाखवला, नवरा चिंधा. तिने नाही म्हणून मान हलवली. झालं, पैसे अडले. म्हैसवाला सोमवारपर्यंतच थांबणार होता. मी धावत गेले, म्हटलं माझी चूक, मी खरं नाव सांगते. तर मास्तर म्हणाले, “पुष्पाक्का, मागेही तुम्हीच सांगितलं होतं. आता ज्यांचे पैसे, त्यांनीच सांगायचं.”

फार राग आला होता तुमचा, मास्तर. तुमच्या पाठीमागे बरंच बोललेही. ताईबाई दोनदा खिडकीपासून परत आली. मला म्हणाली, “अक्का, तेस्नं नाव मन्हा तोंडमा येत नही. सासू म्हणस, नाव लिधं का आयुष्य कमी व्हस.” मीही त्याच भीतीत वाढलेली.

सोमवारी सकाळी ती पुन्हा गेली. खिडकीचे गज धरून म्हणाली, “तेस्नं नाव निंबा शे. आन् पैसा मन्हा शेतस.”

सासूने आठ दिवस अबोला धरला. मधे निंबाभाऊंना साधा खोकला झाला, तर अख्खी गल्ली ताईबाईकडे बघू लागली. ते निंबाभाऊ आज शेवटच्या रांगेत ठणठणीत बसलेत, त्याच म्हशीचं दूध पिऊन. उठू नका हो, बसा.

आता माझं. मी मुलींना शिवण शिकवते. त्याचे पैसे घरच्या तिजोरीत जातात आणि किल्ली यजमानांच्या कमरेला असते. यजमान वाईट नाहीत, मागितले की देतात. पण मागावे लागतात, आणि कशाला हवेत तेही सांगावं लागतं. स्वतःच्या कमाईचे दोन आणे मागताना मला लाज वाटते. ताईबाईला निदान लिहिता येत नव्हतं. मला येतं. मला तर नाव उच्चारायचंही नव्हतं, नुसतं लिहायचं होतं. तरी हात पुढे झाला नाही, कारण लिहिलं की खातं होणार आणि खातं झालं की घरी कळणार. ‘यजमानांना विचारून सांगते’ म्हणून तो रकाना रिकामा सोडून अर्ज तसाच ठेवून आले. दोन वर्षांत विचारलं नाही.

बहिणींनो, तुम्हाला उपदेश करायचा तर आधी मी माझं करायला हवं. मास्तर, निरोप धाडला होता तसा अर्ज आणलाय ना? लिहून घ्या. पुष्पाबाई, नवऱ्याचं नाव लीलाधर. खात्री करायची असेल तर अध्यक्षांच्या खुर्चीत तेच बसले आहेत.

मास्तर, धुळ्यात आपल्याला आरोग्य आणि यश लाभो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्या. नाव घेतलं, ते मात्र त्यात धरू नका.