खिडकीजवळची जागा

हॅलो?… हॅलो, साबेरा? अगं, मी पार्वता… नाही, अजून जळगावातच. स्टँडबाहेर, त्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिससमोर उभी आहे… येते म्हटलं ना बाई! तू उद्या सकाळी धुळं सोडून कायमची सुरतेला निघणार, आणि मी पिंप्राळ्यात घरी बसून राहीन होय?

काय?… नाही, गाडी चुकली नाही. डोळ्यांसमोर उभी आहे. पण हा माणूस चढू देत नाही. म्हणतो, ‘अक्का, गाडी रिकामी शे, पन ॲपवर बुकिंग पाहिजे.’… तेच विचारलं मी त्याला! म्हटलं, मी इथं, तू इथं, गाडी इथं, मग तिकीट त्या फोनच्या पोटात कशाला?… हातात पैसे घेऊन उभी आहे गं. हातच लावत नाही.

हो, हो… अगं ऐक ना. ॲप आहे माझ्याकडे. माझ्या बुद्धभूषणनं मागेच फोनमध्ये टाकून दिलंय. सीट दाबली तर गुलाबी झाली. पुन्हा दाबली तर पांढरी… हसू नकोस. मग म्हणतंय, आकडे आलेत ते घाला. कुठे आलेत? मला तर एकही आला नाही… पोराच्या नंबरवर गेले म्हणे. त्याच्याच नंबरनं उघडलंय ना ते.

त्याला कसा लावू? ड्युटीवर आहे… विसरलीस? वरणगावच्या क्वार्टरमध्ये इतकी वर्षं काढलीस! दारूगोळ्याची फॅक्टरी ती, आत जाताना फोन गेटवर जमा करतात. आता ते आकडे पडलेत तिकडे खोक्यात, आणि मी इकडे उन्हात… वॉचमनला? तो दुसऱ्याचा फोन कशाला उघडेल?

‘मदत’ दाबून पाहिलं. ते मलाच विचारतंय, तुमची अडचण कोणती? खाली उत्तरं दिलीत, त्यातलं एक निवडायचं. माझी अडचण त्यात नाहीच… काय निवडू मग? ‘सामान हरवले’ निवडू?

अगं… अगं, गेली! खरंच गेली बघ. रिकामी गेली… मला काही कळेनासं झालंय, साबेरा. माणूस उभा असताना जागा नाही कशी म्हणतात?

नाही, घरी नाही जात. स्टँडात शिरले. एसटीनं येते… गर्दी? जत्रा आहे नुसती. लग्नाची तीथ दिसते.

आठवतं का, क्वार्टरमधून आपण भुसावळच्या बाजाराला निघायचो? तू आधी पळायचीस, खिडकीतून रुमाल टाकायचीस आणि दारात भांडायचीस, ‘पार्वता की जगह है!’… आणि एकदा रुमाल नव्हता, तर तुझ्या युसूफलाच आत सोडलंस! पोरगं सीटवर बसून भोकाड पसरतंय, पण जागा सोडत नाही… हो ना, तोच आता तुला सुरतेला नेतोय.

थांब… ‘एरंडोल, पारोळा, धुळे’ म्हणाला का कुणी? हो, आली! आली गं… सगळे दाराकडे धावलेत. या गुडघ्यांनी मी कुठे पोचतेय… खिडकी उघडी आहे. सीट रिकामी दिसतेय… रुमाल? रुमाल डब्याला बांधलाय. पिशवी नाही टाकायची, तुझ्यासाठी बिबडे आहेत आत, ज्वारीच्या पापडांचा चुरा होईल.

साबेरा, ऐक. हातात हा फोनच आहे… मोडला तर मोडला! अहो दादा, जरा हा आवाज मोठा करून द्या… हां, झाला. दादा, तुम्ही उंच आहात, तेवढा त्या खिडकीतून सीटवर टाका हो… हो, फोनच… चालूच राहू द्या, बंद नका करू.

साबेरा, तू बोलत राहा. म्हणजे कुणी बसणार नाही… काय बोलू म्हणजे? तेच, जुनं! मोठ्यानं ओरड. मी दारातून येतेच आहे, तू जागा सोडू नकोस… टाका, दादा—