माझ्या खाकरण्यानं बंद पडणारं कार्टून

आमच्या घरात माझ्या माघारी हसतात, हे मला एका कार्टूनमुळं कळलं. दुष्काळात मेंढरं विकून शहरात, क्रांती चौकाजवळ मुलाच्या फ्लॅटात आलो, तरी दारात खाकरून आत शिरायची सवय गेली नाही. मी खाकरलो की आतलं हसणं थांबायचं आणि टीव्हीवर बातम्या लागायच्या.

एकदा मुद्दाम खाकरलो नाही. आत मुलगा, सून आणि कॉलेजातली नात पोट धरून हसत होते. कार्टूनमधला पोरगा बापाला टकल्या म्हणत होता. मुलगा दचकून रिमोट शोधू लागला.

"अण्णा, हे मोठ्या माणसांचं हाय. घरात समद्यांनी बघायजोगं नाय."

"मग मी काय लहान हाय? राहू दे."

मी बसलो. तेवढ्यात त्या बापानं पोराला सणसणीत शिवी हासडली. सुनेनं मान खाली घातली.

मी म्हणालो, "हीच शिवी मी जन्मभर मेंढरांना दिली. एक मेंढरू बिघडलं नाय."

नात हसून लोळली. मग सगळेच हसले, माझ्यासमोर.

आता मी खाकरलो की सून आतून हाक मारते, "मामंजी, लवकर या, टकल्या आला!"

मी पटका घट्ट करतो आणि मधल्या खुर्चीवर जाऊन बसतो.