मॉरीनआजींच्या भावाचा संशय

अरे, मी साधा निरोप द्यायला गेलो आणि माझीच उलटतपासणी झाली! इथे न्यूझीलंडमध्ये, हॉर्नबीत, आमच्या शेजारी मॉरीनआजी राहतात. त्यांचा जन्म आयर्लंडच्या एका लहानशा बेटावरचा. ऑफिसच्या कामाने मी डब्लिनला निघालो, तेव्हा म्हणाल्या, "माझ्या भावाला भेटून ये."

बेटावर बोटीतून उतरल्यापासून सगळं गाव माझ्याकडे टकामका बघत होतं. आजींचा भाऊ, कोलम, तर दार अडवूनच उभा राहिला.

"जमिनीत वाटा मागायला पाठवलंय ना तिने?"

"नाही हो. तुमचे गुडघे कसे आहेत, एवढंच विचारलंय."

"एवढ्यासाठी न्यूझीलंडहून आलास?"

मी सरळ आजींना फोन लावून दिला. दोघं त्यांच्या भाषेत बोलले, मला अक्षरही कळलं नाही. फोन परत देताना म्हातारा माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "मला म्हणते, 'जमीन तूच ठेव.' जन्मभर भांडलेली माझी बहीण असं सोडून देणार नाही. खरं सांग, काय झालंय तिला?"

आजारपणाबद्दल बोलायचं नाही, अशी आजींनी शपथ घातली होती. मी नुसती मान खाली घातली.

परतीच्या विमानात तो माझ्या शेजारी बसला होता.