बगळ्याचा पांढरा रंग

आमच्या बंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या सोसायटीत काय झालं, ऐका. रहिवाशांनी काढलेले तळ्याचे शेकडो फोटो जोडून मी स्क्रीनवर मोठा बगळा केला होता. छापण्याआधी अध्यक्ष अण्णा कमिटीला घेऊन बघायला आले. लांबून खूश झाले, जवळ गेले आणि भडकलेच.

"हा तर तळ्यावरचा सांडपाण्याचा फेस! इथे फ्लॅट कोण घेईल? फेसाचे सगळे फोटो काढून टाक, नाहीतर हे हॉलमध्ये लागणार नाही."

माझं डोकं सणकलं. सगळ्यांसमोर ते फोटो एका झटक्यात उडवले.

"अगं, बगळा कुठे गेला?"

"तुमच्या फोटोंत पांढरं दुसरं काहीच नव्हतं, अण्णा."

त्यांनी स्क्रीनवरच्या त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"सरी, ठीक आहे. परत बसव त्याला. आणि स्वल्प, थोडा मोठाच छाप."