प्रत्येक संघात दोन मुली

गावोगावच्या संघांची फुटबॉल स्पर्धा संपवून ऋजुता रत्नागिरीहून एसटीत बसली. प्रत्येक संघात दोन मुली हव्यातच, हा नियम तिने वर्षभर भांडून करून घेतला होता. पुढच्या सीटवर विजेत्या संघातली एक मुलगी वडिलांशेजारी बसली होती.

"चांगली खेळलीस गो, बाय."

"खोटं कशाला बोलता, बाबा?"

"खोटं कसलं? शेवटपर्यंत मैदानात होतीस."

"मला काढलं असतं तर संघच बाद झाला असता."

"धावत होतीस की एवढी!"

"धावले. पण बॉल दिला कोणी? कॅप्टन दर्शन म्हणाला, तू कोपऱ्यात थांब, मध्ये येऊ नको."

"मग हाक मारायचीस."

"किती वेळा मारली. तुम्हाला नाही ऐकू आली?"

"आली. पार कुंपणापर्यंत येत होती."

मुलीने पायातले बूट काढून पिशवीत कोंबले.

"पुढच्या वर्षी देतील गो. मी बोटीवरनं सुट्टी काढून परत येईन."

"नको बाबा. मी नाही खेळणार."

"मग आईला काय सांगू?"

"सांगा, जिंकलो. ते खरंच आहे."

आरे-वारेला ऋजुता उतरायला उठली, तेव्हा वडिलांनी तिला ओळखलं. ते घाईघाईने हात जोडून उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही नियम केलात म्हणून आमच्या वैष्णवीला खेळायला मिळालं. फार उपकार झाले."

वैष्णवीने खिडकीकडे तोंड फिरवलं. ऋजुताला वैष्णवीच्या वडिलांच्या नजरेला नजर देता आली नाही. ती तशीच खाली उतरली.