इंजिनाला ब्रेक

(सकाळ. भिलाई, सेक्टर ६, क्वार्टरचं फाटक. सासरा, सून आणि आठ महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू.)

निशा : हे पाहा, ओढलं त्यानं.

पंजाबराव : अजून फाटकातच आहो, बाई. प्लॅटफॉर्म सोडल्याशिवाय गाडी सुटली म्हणत नाही. अन् मी थांबलो का नाई? पट्टा ताणला का लाल सिग्नल, ढिला झाला का हिरवा. आठ दिवस झाले, हेच शिकवून राहिलो त्याले.

निशा : मंगळवारी कोणता सिग्नल होता, बाबाजी? गायीच्या मागं धावला अन् तुम्हाला नालीपर्यंत घासत नेलं.

पंजाबराव : घासत नाई नेलं. मी ब्रेक मारला होता, चाकं जाम झाली.

निशा : गुडघ्याची पट्टी अजून निघाली नाही. शर्त म्हणजे शर्त. बाजारापर्यंत जाऊन यायचं. एकदा जरी ओढत नेलं, तर संध्याकाळी श्यामरावकाका येऊन त्याला सीधा भिलाई-३ ला नेतील. त्यांचं आंगण मोठं आहे.

पंजाबराव : चल बे, इंजिना. इज्जत राख.

निशा : नाव इंजिन ठेवल्यावर ओढेल नाही तर काय करेल?

पंजाबराव : सदतीस वर्षं मालगाडी चालवली मी. एकदा चढावर इंजिन फेल. मागं अठ्ठावन्न डब्बे, गच्च भरलेले. तेवढ्यात एक गावरान कुत्रा आला, कपलिंग दातात धरलं, अन्—

निशा : मागच्या वेळेस बैल होता.

पंजाबराव : बैल पुढच्या स्टेशनले भेटला.

निशा : बस, थांबा. कोपरा आला. दोन गायी बसल्या आहेत.

पंजाबराव : बसू दे.

निशा : एक उठली. त्यानं पाहिलं तिला. ताणला, बाबाजी, ताणला.

पंजाबराव : मी थांबलो. तूही थांब, बोलू नको.

निशा : ...ढिला केला. मागं वळून तुमच्याकडं पाहून राहिला.

पंजाबराव : इशारा मागून राहिला. चल रे, राजा. लाईन क्लिअर.

टिकाराम (बाजारात, जलेबीच्या ठेल्यावरून) : आवव कका. गरम जलेबी हे.

पंजाबराव : आलो, टिकाराम. निशा, तू तिकडं कोथिंबीर पाह्यतं का?

निशा : सोमवारी शुगर किती निघाली होती?

पंजाबराव : नुसता वास घेतो, बाई. चल बे, इंजिना. चल न... ए, उठ.

निशा : काय झालं?

पंजाबराव : फतकल मारून बसला. हलून नाई राहिला.

निशा : पट्टा कोण ताणून राहिलं?

(पंजाबराव पट्टा आणखी ओढतो.)

टिकाराम : कका, कुकुर नइ आवय.

निशा : येणार नाही. त्याला काय माहीत, कोणी ताणला. ताणला का लाल सिग्नल.

पंजाबराव : सदतीस वर्षांत मले असा एकच माणूस थांबवे. आपले भय्याजी, गार्ड. मागच्या डब्यात बसून राहत. मी पुढून कितीही जोर लावो, त्यायनं ब्रेक ओढला का गाडी जागच्या जागी.

निशा : ही गोष्ट खरी वाटते.

पंजाबराव : एखादी निघते.

निशा : हॅलो, श्यामरावकाका? निशा बोलते. संध्याकाळी येऊ नका. ...नाही, कुत्रा इथंच राहील.

पंजाबराव : आता तं उठ बे, इंजिना.

निशा : नाव बदला त्याचं. इंजिन तर तुम्ही आहात.

पंजाबराव : मंग याले काय म्हणू?

निशा : आधी पट्टा ढिला करा. हं. चला, गार्डसाहेब, घरी.